पेरलेली चिल्लर

नाय गं बाय, पडले नाय ते. पडले असते तर मी अशी कट्ट्यावर बसून राहिले असते काय? — मला नको देऊ, तुझ्या मुठीतच ठेव — असा हात पुढं करू नको, मला बघवत नाय. तू चांगल्या मनानं वेचून आनलेस, कळतंय मला. कुना म्हातारीच्या पिशवीला भोक पडलंय, चिल्लर सांडत गेलीय, माग काढत जाऊ नि देऊन टाकू — शाळेत शिकवत असतील तुमाला. बरोबर हाय. तुझं काय चुकलं नाय. पन किती वेचलेस? सगळे? पार स्टेशनच्या जिन्यापासनं? पान्याच्या टाकीपाशी एक होता, चक्कीच्या पायरीला एक, त्या बंद एटीएमच्या समोर पाचाचा जाडा ठोकळा — तो पन? — अगं माझे आई. म्हनजे रस्त्यावर एकसुद्धा ठेवला नायस. सांडले नव्हते गं ते. मी पेरले होते. माझ्या हातानं, धा-धा पावलांवर एक, या मेल्या गुडघ्यानं वाकता येत नाय म्हनून वरनंच सोडत — टप, टप — स्टेशनपासनं या कट्ट्यापर्यंत. तासभर लागला मला. आनि तू पाच मिनिटांत सगळं उचललंस.

वेडी नाय मी. तशी बघू नको. बस इथं, दप्तर ठेव खाली, घडीभर बस. मी वळखते तुला — तू सरोजिनीबायची जाई ना? मी जमुना. मासळीबाजारात पहिल्या कोपऱ्यावर बसते ती. तुझी आई बुधवारी मांदेली घेते, साफ करून मागते, नि वर एक बोंबील फुकट टाक म्हनते. आनि तू तिच्या पाठीमागं उभी असतेस रस्त्याकडं बघत. भाव ती पाडते, लाज तुला वाटते! बघते मी सगळं. चार वर्षं बघते, एक शब्द ऐकला नाय तुझ्या तोंडनं. — काय? काय म्हनतेस? — थांब, आधी मला सांगू दे, नायतर तू घरी जाऊन सांगशील, मासळीवाली मावशी भर उन्हात रस्त्यावर पैसे टाकत होती, डोकं फिरलं तिचं. डोकं फिरायचंच बाकी हाय, पन अजून फिरलं नाय.

आमचा म्हातारा हरवलाय. सकाळपासनं. माझा नवरा गं, दादू — दीपेशचे बाबा. मी सकाळी सातला मावरं, विकायची मासळी आनायला गेले, नऊला घरी आले तर दार सताड उघडं. आता तुमची शाळा सुटली म्हनजे एक वाजला असेल. दीपेश कामावरनं सुट्टी टाकून आला रबाळ्याहून, तो नि शेजारचा कुंदन गाडीवरनं फिरतायत. पोलिसांना फोटो दिला. व्हाटसपवर टाकला — 'चौकड्यांचा निळा शर्ट, पायात चप्पल नाही' — तुझ्या आईच्या फोनवर पन आला असेल बघ. आनि मला सांगून गेले, आई, तू इथनं हलू नको, बाबा आले तर याच वाटेनं येतील. हलू नको! बसून काय करू? मासे असते तर निवडत तरी बसले असते. मग मला हे सुचलं. पैशाचं. कारन तो वर बघतच नाय ना. त्याला हाक मारा, हात धरा, नाव घ्या — काय उपयोग नाय. तो खाली बघत चालतो. जमिनीवर पैसा दिसला की थांबतो, उचलतो, पुढचा दिसला की पुढं येतो. म्हनून पेरले. आपल्या सानपाड्याच्या स्टेशनपासनं घरापर्यंत. मागच्या वेळी तो जुईनगर स्टेशनाच्या बाहेर सापडला होता, तिथनं मी त्याला असाच आनला.

ते मी कुनाला सांगितलं नाय अजून. दीपेशला पन नाय. तुला सांगते, तू काय बोलनार हायस कुनाला! रिक्षात बसेना तो, हात धरू देईना, लोक जमायला लागले, एक पोरगं मोबाईल काढून शूटिंग करतंय — मग मी कमरेची पिशवी सोडली नि त्याच्या पुढं-पुढं एक-एक रुपाया टाकत चालले. तो उचलायचा, मी टाकायची. जुईनगरपासनं सानपाड्यापर्यंत. अंगनात कोंबडी डालायची असली की दाने टाकत नेतात ना, तसा माझ्या नवऱ्याला मी घरी आनला. घरी आल्यावर त्यानं सगळे पैसे माझ्या ओटीत टाकले. म्हनाला, आज बरं मिळालं, जमे. बरं मिळालं, म्हनले. मोरीत जाऊन रडले.

तुला वाटत असेल, कसला हावरट म्हातारा. नाय गं. हावरट नव्हता तो कधीच. तुला खाडीचं ठावं नाय. वाशीचा पूल हाय ना, गाडी पुलावर आली की लोक खिडकीतनं पैसा टाकायचे, हात जोडायचे — पोरगं पास होऊ दे, नोकरी लागू दे, सासू मरू दे, काय-काय मागत असतील. ते पैसे जायचे कुठं? खाली चिखलात. मासळी कमी झाली, कंपन्यांचं पानी आलं, तेव्हा आमचा म्हातारा ओहोटीला होडी घेऊन जायचा नि गुडघाभर चिखलात उतरून ते पैसे काढायचा. हातानं नाय हां, पायानं! चिखलात दिसतंय काय डोळ्याला? अंगठ्यानं चाचपायचा. वर उभ्या-उभ्या सांगायचा — हा रुपाया, हा आठाना, हे बाटलीचं बूच. एकदा म्हनाला, जमे, ही अंगठी हाय. काढली तर खरंच अंगठी, नाव कोरलेली. कुना बाईनं रागानं नवऱ्याची फेकली असेल, म्हनाला. मी म्हनले, तुमी पन जरा जपून राहा! — हसलीस. हस गं, हसायचंच हाय ते. काळे कुळकुळीत असायचे पैसे, मी चिंच लावून घासायची. बोटं आंबायची माझी. पन त्या पैशांवर दीपेशची बारावी झाली, खोटं कशाला बोलू.

माझी आई म्हनायची, लोकांचे नवस खाता तुमी, पचायचे नायत. मला भीती वाटायची. तो म्हनायचा, नवस देवाला पोचला, पैसा तेवढा चिखलात राहिला, आनि चिखल आपला हाय. तरी पन त्याचं एक असायचं — पहिला पैसा जो हाताला लागेल तो परत खाडीत. मोठा असो, छोटा असो. हा खाडीचा, म्हनायचा, नि लांब फेकायचा. एकदा पहिलाच दहाचा लागला, मी म्हनले राहू दे ना, दुसरा फेका. ऐकलं नाय. आता कोन टाकतो म्हना पैसे, पुलाला जाळी लावलीय, आनि सगळं फोनवर झालं. खाडीला काय क्यूआर कोड दाखवनार? — काय? काय बोलायचंय तुला? — सांग नंतर, मला मधे तोडू नको, एकदा थांबले की मला रडू येईल.

आनि ऐक, जमिनीवरचा पैसा तो घ्यायचा नाय. तू केलंस ना आज, तसंच त्याचं. बाजारात, रस्त्यात पैसा दिसला की उचलायचा नि जवळच्या भिंतीवर, कट्ट्यावर ठेवायचा. म्हनजे शोधत येनाऱ्याला डोळ्यासमोर दिसेल. मी एकदा म्हनले, खाडीतला चालतो नि रस्त्यातला चालत नाय, हे कसलं सोवळं? तर म्हनाला — खाडीतला कुनीतरी दिलेला असतो, रस्त्यातला हरवलेला असतो. ज्याचा हरवला तो परत येतो शोधत. आपन नेला तर तो बिचारा वाकून-वाकून बघत बसेल. असा मानूस होता तो. होता म्हनाले मी. हाय. हाय.

मग डोक्यातलं जायला लागलं. तीन वर्षं झाली. आधी चाव्या, मग नावं. दीपेशला भाऊ म्हनतो. सुनेला बाय. मला कधी जमे, कधी मावशी, कधी नुसतंच ओ. घराचा नंबर नाय, गल्ली नाय, देव कुठला ते पन नाय. आनि एक दिवस रस्त्यात पैसा दिसला तर उचलून भिंतीवर नाय ठेवला, खिशात टाकला. मी बघतच राहिले. मग चालायला लागला तो असा — पाय घासत, अंगठा पुढं करत, चाचपत. चप्पल घालायचा नाय. डॉक्टर म्हनाले, आजारात पाय ओढतात. ओढत नव्हता गं, शोधत होता! मला एके दिवशी कळलं. तुमी राहता ना ते सेक्टर, ती बाग, ती शाळा, तो मॉल — तिथं भरतीचं पानी यायचं. मिठागरं होती. मग मातीचे ट्रक आले, भराव टाकला, रस्ते केले. ते सगळं त्याच्या डोक्यातनं पुसलं गेलं. भराव निघून गेला. त्याच्या लेखी हे सगळं अजून खाडीच हाय. म्हनजे इथं मिळालेला पैसा हरवलेला कसा असेल? तो दिलेला. तो घ्यायचा. त्याचा कायदा तोच हाय गं, जमीन तेवढी बदलली. आनि पहिला पैसा तो अजून फेकतो, काय सांगू! सोसायटीच्या गटारात फेकतो. हा खाडीचा म्हनतो. वॉचमन शिव्या देतो.

हे सगळं चाललं असतं. मी म्हनायची, उचलू दे, कुनाचं काय नेतोय. सून आमची, वैजयंती, साताऱ्याकडची हाय, चांगली हाय, पन तिला लाज वाटायची. तिच्या ऑफिसातल्या बाया बघतात ना. आई, बाबांना सांगा ना, लोक म्हणतात आपण त्यांना भीक मागायला सोडतो. बरोबर हाय तिचं पन. पन या अवसेला भलतंच झालं. चौकात कुनीतरी उतारा ठेवला होता. तू बघितलास काय कधी? लिंबू कापलेलं, कुंकू, भाताचा गोळा नि वर एक पैसा. लोक वळसा घालून जातात. कुत्रं पन जात नाय. आमच्या म्हाताऱ्याला काय? पैसा दिसला, उचलला. आनि घरी येऊन कुनाला दिला? मनस्वीला. दीपेशची मुलगी, चार वर्षांची. तिच्या मुठीत कुंकू लागलेला रुपाया ठेवला नि म्हनाला, घे, खाऊ घे. मनस्वी हे एकच नाव त्याला न चुकता येतं अजून. बाकीचे सगळे गेले, ती राहिली.

त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. एकशे तीन. डॉक्टर म्हनतो व्हायरल, साथ चालू हाय, दोन-तीन दिवसांत उतरेल. तुमच्या शाळेत पन असेल. मला ठावं हाय, व्हायरल. पन वैजयंती पोरीला मांडीवर घेऊन बसलेली, नुसती रडते. मग म्हनाली, आई, कोणाचं काय उतरवलेलं असेल त्या पैशावर? शिकलेली मुलगी, बँकेत काम करते, ती म्हनाली. मला माझ्या आईचं आठवलं — पचायचे नायत, पचायचे नायत. आता तू म्हनशील मावशी, तुमी पन. हो, मी पन. तापलेलं लेकरू हातात घेऊन बघ नि मग सांग कशावर इस्वास ठेवायचा नि कशावर नाय.

म्हनून सकाळी मी जरा बोलले त्याला. बास, तेवढंच. — जरा म्हनजे, ओरडले. — ओरडले म्हनजे... तू कुनाला सांगू नको. दीपेशला ठावं नाय. तो कामावर गेलेला, वैजयंती आत पोरीपाशी. म्हातारा उंबऱ्यात बसलेला, नि परत त्याच्या मुठीत एक पैसा. कुठनं आनला देव जाने, पहाटे जाऊन आला असेल. रात्रभर मी पट्ट्या ठेवत बसलेली, डोळे चुरचुरतायत, नि त्याच्या मुठीत पैसा! माझं डोकंच सटकलं. मी म्हनले — तुमाला मनस्वीची शपथ हाय. पुन्हा रस्त्यातला एक पैसा जरी उचललात तर मनस्वीची शपथ. तिला काय झालं तर तुमच्यामुळं. उचलायचा असेल तर या घरात पाऊल टाकायचं नाय. तिकडं खाडीत जावा, तिकडंच राहा.

म्हनाले मी असं. गल्लीत ऐकलं लोकांनी. त्यानं माझ्याकडं बघितलं. खाली नाय, माझ्याकडं. किती दिवसांनी. मग मूठ उघडली नि तो पैसा उंबऱ्यावर ठेवला, हळूच, आवाज न करता, झोपलेल्या पोराजवळ ठेवतात तसा. म्हनाला, मनस्वी. एवढंच. मी पाटी उचलली नि निघून गेले. वाटलं, काय त्याच्या ध्यानात राहतंय? पाच मिनिटांत विसरेल. चहा घेतलेला विसरतो, जेवलेला विसरतो, शपथ कसली ठेवतोय लक्षात. आनि मी आले तर दार उघडं. उंबऱ्यावर पैसा तसाच.

मला भीती कशाची हाय सांगू? पान्याची. आज तीज. अवसेनंतरचं उधान अजून उतरलं नाय. सकाळी ओहोटी होती, चिखल उघडा पडला असेल पार लांबपर्यंत, नि आता भरतं चढतंय. तीनच्या सुमाराला खारफुटीच्या बुंध्यांपर्यंत येईल. धड होता तेव्हा पान्याच्या वासावरनं कळायचं त्याला, कधी निघायचं. आता काय कळनार? दीपेश बारापर्यंत तिकडंच होता, खाडीच्या कडेनं हाका मारत गेला, कुठं दिसला नाय. म्हनून मी म्हनले, तिकडं नाय गेला, स्टेशनकडंच गेला असेल, मागच्यासारखा. त्यानं वेचून साठवलेला चिल्लरीचा डबा रिकामा केला नि त्याचेच पैसे पेरले. चिंचेनं घासलेले, बघ, कसे चकचकतायत तुझ्या हातात. उन्हात लांबनं दिसावेत म्हनून घासले. — आता तू एक काम कर पोरी. तुझे गुडघे तरने हायत. जाशील काय परत? उलटी, इथनं स्टेशनापर्यंत, एक-एक टाकत? मग मी पुढची वाट... — काय? मान काय हलवतेस? नाय जानार? — घाबरू नको, कुनी बोललं तर माझं नाव सांग. — मग काय? काय झालं? डोळ्यात पानी कशाला आनतेस? मी रागावले नाय गं तुझ्यावर. — बरं. बोल. मघापासनं तोंड उघडतेस नि मिटतेस. बोल, मी गप बसते.

— कोन दिसला? — मोठ्यानं बोल, रिक्षाच्या आवाजात मला ऐकू येत नाय. — चक्कीपाशी? म्हातारा? — आज? आत्ता? तू येत होतीस तेव्हा? — शर्ट कसला? — निळा. चौकडा. — बटनं? — खाली-वर लागलेली. तोच. तोच गं तो, मीच लावली होती रागात, एक घर चुकलं ते मला दिसलं पन होतं! — मग? उभा होता. पैशापाशी उभा होता ना? अंगठ्यानं चाचपला? — चाचपला. बघ. बघ, मी म्हनले नव्हते! मग उचलला नि पुढं आला, हो ना? मग मधेच तू वेचलेस म्हनून त्याला पुढचा — नाय? — नाय वाकला? नाय वाकला म्हनजे काय? तो नाय वाकला असं कसं होईल, नीट आठव. तुला लांबनं दिसलं नसेल. — हात? हाताचं काय? — दाखव. माझ्यासमोर उभी राहून दाखव.

— असा. पाठीमागं. एका हातानं दुसरा हात धरलेला. घट्ट.

— म्हनजे त्याच्या ध्यानात हाय.

घर विसरला. पोराला विसरला. माझं नाव विसरतो, चाळीस वर्षं एका ताटात जेवलो. आनि नेमकी माझी शपथ राहिली त्याच्या डोक्यात. पैसा बघून हात सुटतोय खाली, म्हनून स्वतःचाच हात पकडून उभा राहिला उन्हात, अनवानी. मनस्वीसाठी. आनि मी काय केलं? मी त्याच्या वाटेवर धा-धा पावलांवर तेच टाकत आले. घराची वाट दाखवते म्हनून टाकत आले. दर धा पावलांवर मी त्याला सांगत होते गं, येऊ नको, येऊ नको, येऊ नको. तू ते उचललंस तेच बरं केलंस.

कुठं वळला? — सिग्नलकडं? पामबीच रस्त्याच्या? — रस्ता ओलांडला? ओलांडताना बघितलास तू? — तिकडं फक्त खाडी हाय. मीच म्हनले होते, तिकडंच राहा. किती वेळ झाला? — माझ्याकडं बघू नको, सांग. — मी बोलत बसले तेवढाच. मघापासनं सांगत होतीस तू, नि मी तुला म्हनत होते थांब.

उठव मला. ती काठी दे. हा घे फोन, वरतीच दीपेशचं नाव हाय, लाव. सांग त्याला, चक्कीवरनं सिग्नलकडं, जिवंत हायत, चालत गेलेत, आत्ता गेलेत. तू बघितलंस, तूच सांग, मला नाय जमायचं. — पैसे? राहू दे तुझ्या मुठीत. पैशाचं काम नाय आता. — तू नको येऊ माझ्याबरोबर, तुझा उपयोग नाय तिकडं. तुमी पोरी शाळेत शपथा घालता ना एकमेकींना, गळ्याला हात लावून? मग ती सुटते कशी? ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हनायचं, हो ना? दुसऱ्यानं म्हटलेलं चालतं काय? — नाय ना चालत. मग झालं तर. दीपेश गेला नि पोलीस गेले नि सगळा सानपाडा गेला, तरी तो वाकनार नाय नि घरी येनार नाय. माझ्याच तोंडनं ऐकायला पाहिजे त्याला.

— वाजतोय फोन? वाजू दे, लावून ठेव. उचल रे दीपेश, उचल बाबा, एकदा उचल — उचलला? मग बोल ना गं! आज लाजू नको, आज मोठ्यानं बोल — मी चालले — गाड्या थांबवा ओ, थांबवा जरा, मला पलीकडं जायचंय — सुटली! ओ दीपेशचे बाबा, ऐकताय काय — सुटली ओ, सुटली!